शेणखत

रतिलालनं पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता सहज सांगितलं, "हाडांचं खत आहे भाऊ, फुलाला याच्या तोडीचं दुसरं नाही," आणि मी पुढे केलेला हात तसाच काउंटरवर राहिला. किलोभराची पुडी होती. मी विचारलं, "दुसरं काही नाही का?" तो म्हणाला, "निंबोळी पेंड आहे, भुईमुगाची पेंड आहे. शेणखत तर तुमच्या घरचंच असेल. पण तुम्हाला फूल पाहिजे ना? मग हेच." पुडी माझ्याकडे सरकवत त्यानं खताच्या दुकानात सगळ्यांनाच विचारतात तो प्रश्न विचारला, "शेती किती?" मी म्हणालो, "दोन एकर. शिंदखेड्याकडं." म्हणालो आणि पुडी पिशवीत टाकून पाचव्या गल्लीतून बाहेर पडलो. सायकलवर बसलो नाही, हातात धरून चालत राहिलो. पिशवी हँडलला लटकत होती आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या गुडघ्यावर आपटत होती. मी चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, ऑफिसात हेडक्लार्क, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि एका पुडीचा गुडघ्याला स्पर्श होऊ नये म्हणून भर बाजारात सायकलीपासून हातभर लांब, तिरका तिरका चालत होतो.

दोन एकर आमच्याकडे कधीच नव्हते. वीतभर जमीन नव्हती. माझे वडील, म्हणजे आबा, चिंधा सोनवणे, जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबले आणि त्यातच गेले. पण नऊ वर्षांपूर्वी एका साहेबांनी जीपमध्ये सहज विचारलं होतं, "सोनवणे, गावी काय असतं तुमचं?" आणि मी म्हणालो होतो, "शेती." आता यात खोटं ते काय? गावी शेतीच होती, जिकडे बघावं तिकडे शेती होती, आमची नव्हती एवढंच. ते साहेब बदलून गेले, त्यांच्या मागचे गेले, पण माझी शेती ऑफिसात राहिली. पाऊस लांबला की कोणीतरी विचारायचं, "काय सोनवणे, पेरण्यांचं काय?" आणि मी कपाळाला आठ्या घालून म्हणायचो, "बघू या." ऑफिसातल्या खान्देशच्या माणसांना खरं काय ते ठाऊक होतं. आडनावावरून नाही कळलं तरी गावात आपलं घर कुठल्या अंगाला आहे ते इकडचा माणूस दोन प्रश्नांत काढून घेतो. ते बोलायचे नाहीत. ते बोलत नाहीत याचंच मला ओझं व्हायचं. लाज मला बौद्ध असण्याची नव्हती, कधीच नव्हती. बुद्धाची तसबीर माझ्या घरात दारातून दिसेल अशा भिंतीवर आहे. लाज होती ती वेगळ्याच एका गोष्टीची, आणि ती आता किलोभर वजनाची होऊन माझ्या हँडलला लटकत होती.

सगळं त्या झाडानं आणलं. आताच्या साहेबांच्या बाई पुण्याच्या, बोलायला मोकळ्या, मनानं वाईट नाहीत. नोव्हेंबरच्या शेवटी त्या मुलीच्या बाळंतपणाला दीड महिना नाशिकला निघाल्या, आणि जाण्याआधी रिक्षातून एक कुंडी मांडीवर घेऊन आमच्या देवपुरातल्या घराचा जिना चढून वर आल्या. बंगलोरहून आणलेलं ऑर्किड. कुंडीला चारी बाजूंनी भोकं, आणि मधून बोटभर जाडीचे दांडे. एका दांड्याच्या शेंड्याला बारीक तुरा निघालेला, त्यावर सात कळ्या, भिजवलेल्या मुगाएवढ्या. "आधीची दोन त्या केमिकलच्या पावडरींनी गेली हो," बाई म्हणाल्या. "बंगल्यावरचा माळी नुसता पाइपनं झोडपतो. याला फक्त नैसर्गिक खत द्यायचं. कोणतं ते मी तुम्हाला काय सांगू? तुम्ही शेतकरी माणसं." मग जिन्यात उतरता उतरता थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचं ते धडगावचं कानावर आलंय माझ्या. मी आले की साहेबांशी बोलते." धडगावच्या बदलीच्या यादीत माझं नाव पेन्सिलनं लिहिलेलं होतं. शाई व्हायची बाकी होती. मुलगी बारावीला, माय बहात्तर वर्षांची, आबा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी तिला गावाहून आणलेलं; म्हणजे मी एकटा डोंगरात आणि हे सगळं इकडे बायकोच्या, कुंदाच्या, गळ्यात. बाई गेल्यावर मी कुंडीसमोर उकिडवा बसलो आणि कळ्या पुन्हा मोजल्या. त्या सात होत्या आणि माझं धुळ्यात राहणं त्या सातांवर होतं.

पहिल्या दिवशीच मला त्या झाडाचा राग आला. त्याच्या कुंडीत माती नव्हती. कोळशाचे आणि विटांचे तुकडे, बस. आणि मुळ्या कुंडीत राहायला तयार नाहीत, भोकांतून बाहेर येऊन हवेत लोंबतायत, पांढऱ्या, उघड्या. मी मनात म्हटलं, ही काय रीत झाली? याला कोणी माती दिली नाही म्हणून हे असं झालं असणार. शेती मी कधी केली नव्हती, पण मोठ्या शेतकऱ्यांच्या वावरात आबांच्या मागे उभं राहून बघितली होती, आणि तिथे खत कसं देतात ते मला पाठ होतं: पाट्याच्या पाट्या. आबा डोक्यावरून न्यायचे. मी नदीकाठची काळी माती आणली, दूधवाल्याकडून शेणखत मागून घेतलं, दोन्ही कालवलं, लोंबणाऱ्या मुळ्या एकेक करून कुंडीत कोंबल्या आणि वरून ते लिंपून टाकलं. हात धुतल्यावर इतकं बरं वाटलं. आता दिसत होतं ते झाडासारखं. कुंदा म्हणाली, "अहो, गॅलरीत वास मारतोय." मी म्हणालो, "शेणखताला वास यायचाच." पाचव्या दिवशी एक कळी पिवळी पडली आणि सातव्या दिवशी फरशीवर मिळाली. नवव्या दिवशी दुसरी. मग माझी झोप उडाली. जळगावचा मेहुणा केळी घेऊन आला होता, तो म्हणाला आमच्याकडं सालींचं पाणी घालतात, म्हणून डब्यात साली कुजवल्या. घरभर चिलटं झाली. कुंदा चहाचा चोथा साठवायला लागली. कोणी सांगे अंड्याची टरफलं, कोणी तांदळाचं धुवण. जो तो आपल्या घरात जे उरतं ते सांगत होता. शेवटी शेतकी कॉलेजातल्या तोताराम माळ्याकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला घाम फुटला. "साहेब, हे झाड मातीतलं नसतं हो. त्याच्या मुळ्यांना हवा लागते. तुम्ही त्याला जितं पुरलं." मग म्हणाला, "तुमची तर शेती आहे ना?" मी म्हणालो, "आहे. पण ती जिरायत."

घरी येऊन माती काढली. आत कोंबलेल्या मुळ्या काळ्या आणि लिबलिबीत झाल्या होत्या, बोटात धरताच साल सुटून यायची. जी एक मुळी माझ्या तावडीतून सुटून मागच्या बाजूनं बाहेर राहिली होती तेवढी टणक होती, टोकाला हिरवी. तोतारामनं सांगितलं होतं, खत द्यायचंच तर पातळ द्या, चहाच्या पाण्यासारखं. पण कोणतं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण शेतकरी माणसानं ते विचारायचं नसतं. म्हणून रतिलाल, म्हणून ही पुडी. पांझरेच्या पुलावर मी थांबलो. खाली पाणी थोडंसंच होतं, बायका धुणी बडवत होत्या. पुडी इथून खाली टाकावी आणि मोकळं व्हावं असं फार वाटलं. कठड्यापाशी उभाही राहिलो. पण पाच कळ्या राहिल्या होत्या आणि बाईंना यायला वीस दिवस.

मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा आमच्या गावच्या आपल्या सगळ्या माणसांनी दीक्षा घेतली आणि त्याच संध्याकाळी बसून ठरवलं, आजपासून मेलेलं ढोर ओढायचं नाही, त्याच्या कशालाही हात लावायचा नाही. आबांनी सगळ्यात आधी हात वर केला होता. त्या दिवशी ते जे ताठ झाले ते मरेपर्यंत ताठ राहिले. गावानं काम दिलं नाही, पीठ दिलं नाही, विहिरीकडे बघू दिलं नाही, तरी ताठ. मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि भूकही लागायची. मग चार वर्षांनी माझा मॅट्रिकचा फॉर्म आला. फी भरायची शेवटची तारीख जवळ आली आणि घरात काही नव्हतं. एके दिवशी पहाटे मायनं मला उठवलं, आबा वावरात गेले होते, आणि नाल्यापलीकडच्या माळावर नेलं. तिथं पूर्वी गावची ढोरं टाकायचे. ती वाकली आणि वेचायला लागली. जुनी, उन्हानं वाळलेली हाडं, शाळेतल्या खडूसारखी पांढरी आणि हलकी. मी पोत्याचं तोंड धरून उभा होतो. सोनगीरच्या रस्त्याला हाडांच्या ठेकेदाराची गाडी यायची, तिथवर आम्ही ते पोतं दोघांत धरून नेलं, आणि चालताना ते माझ्या गुडघ्यावर आपटत होतं. चार सकाळी गेलो. चवथ्या सकाळी माय म्हणाली, "आबाले सांगू नको." मी सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही, कुंदालासुद्धा नाही. फॉर्म भरला, पास झालो, नोकरीला चिकटलो, हेडक्लार्क झालो. पैसे कुठून आले असं आबांनी विचारलं असेलच. मायनं काय सांगितलं ते मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी ते विचारलं नाही आणि मायनंही त्या माळाचं नाव काढलं नाही. मला वाटायचं तिच्या पोटात ते सलत असेल. म्हणून तिच्यासमोर मी गावाचा विषयच टाळायचो आणि तिची अहिराणी शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून उत्तर शुद्धात द्यायचो.

गॅलरीत ती बसलेली होतीच, मांडीवर सूप, सुपात बाजरी. डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात खडा बरोबर शोधतात. "काय लई उना, अभिमन?" पिशवीच्या आवाजानं मान वळवून तिनं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही माय. खत."

"कोनतं?"

"पेंड आहे."

पुडी स्वयंपाकघरात रॉकेलच्या डब्यामागे सारली. रॉकेलच्या वासात तो वास मरेल असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून अंग पुसत बाहेर आलो आणि दारातच थांबलो. पुडी मायच्या मांडीवर उघडी होती आणि तिची बोटं आत होती. ती चिमटीत घेऊन चोळत होती, कापड विकत घेताना बाया चोळून बघतात तशी. "पेंड नही शे हाई," ती म्हणाली. आता ही रडेल, मला वाटलं, किंवा मला बोल लावील, किंवा आबांचं नाव काढील. तिनं बोटं नाकाशी नेली आणि दळण पारखावं तशी म्हणाली, "चांगलं दयेल शे. मशीनवर दये असतीन. तो गाडीवाला सांगेच, माय, हाई इलायतले जास, साहेबलोकेसना गुलाबले टाकतस. माले खरं वाटे नही." आणि हसली. हसली! सत्तावीस वर्षं मी जे छातीत धरून बसलो होतो ते तिनं पिठासारखं चिमटीत धरलं आणि हसली. मला भयंकर राग आला. तिला वाईट वाटायला हवं होतं, निदान माझ्याइतकं तरी. तिला वाटत नसेल तर मग मी इतकी वर्षं कोणासाठी लाजत होतो?

"कितलं टाकाले सांगं त्यानी?" तिनं विचारलं.

"मूठभर."

"मूठभर? मरी जाई ते. चिमूटभर टाकनं. झाड शे ते, बैल नही."

तिनंच केलं मग सगळं. जुन्या तांब्यात चिमूटभर भिजवलं, वर फडकं बांधलं, तीन दिवसांनी नितळ पाणी वेगळं काढलं, त्यात पुन्हा साधं पाणी घातलं आणि चमच्यानं मुळ्यांवर सोडलं, कळ्यांना थेंब न लावता. मी ऑफिसातून आलो की कुंदा सांगायची, आज आत्याबाईंनी पाणी दिलं. मी त्या बाजूला फिरकत नव्हतो. ऑफिसात यादी टाइप व्हायला निघाली होती आणि टेबलावर बसल्या बसल्या माझी बोटं आपोआप पाच मोजायची. दहा दिवसांनी पहिली कळी उमलली. जांभळं फूल, मध्ये पांढरा घसा. मग रोज नाही, पण एकदोन दिवसाआड एकेक. पाचही उमलल्या. ती हाडांनी उमलली, की माती काढल्यानं, की येणारच होती, ते मला अजून सांगता येत नाही. तोतारामला विचारलं असतं तर तो म्हणाला असता येणारच होती, फक्त तुम्ही मध्ये पडायला नको होतं. पण मायला विचारायची सोय नव्हती. ती संध्याकाळी फुलांसमोर बसायची आणि तिला दिसत नसलेली फुलं बोटानं मोजायची.

जानेवारीच्या मध्याला बाई आल्या. नातू झाला होता, पेढे आणले होते. गॅलरीत पाऊल टाकलं आणि ओरडल्याच, "अगं बाई! पाच! शेवटी शेतकऱ्याचा हात तो शेतकऱ्याचा हात." कुंदानं चहा आणला. माय कोपऱ्यात सूप घेऊन बसली होती. बाईंनी तिला वाकून नमस्कार केला, अगदी पायाला हात लावून, आणि मला उगाचच भरून आलं. खुर्चीवर टेकून त्या म्हणाल्या, "आता खरं सांगा हं सोनवणे. काय घातलंत?"

मी उभा होतो. कपबशी हातात होती. खरं सांगायचं तर एकच शब्द होता. त्या बाई तो शब्द ऐकून काही दचकल्या नसत्या. त्यांच्या पुण्यात ते खत पिशवीत मिळत असेल, नाव छापलेल्या पिशवीत. दचकणारा मी एकटाच होतो. आता म्हणावं, मी मनाशी म्हटलं, हाडं म्हणावं, आणि त्याच दमात हेही म्हणावं की बाई, आमच्याकडं जमीन नव्हती, मी शेतकरी नाही, हे झाड मी मरणाला टेकवलं होतं आणि माझ्या आईनं जगवलं. दोन वाक्यं. नऊ वर्षांचा भारा खाली ठेवायला दोन वाक्यं पुरली असती. तोंड उघडलंही. त्याच वेळी यादी आठवली, आणि ती पेन्सिल. कोपऱ्यात सुपाचा आवाज थांबला होता.

"शेणखत," मी म्हणालो.

"बघा! मी म्हणतच होते. घरच्या गाईचं?"

"हो."

म्हणजे आता मला गायही झाली. बाई खूश होत्या. म्हणाल्या, साहेबांशी कालच बोलले, तुमचं नाव काढलंय यादीतून. कुंदानं पदर डोळ्यांना लावला. मला हलकं वाटायला हवं होतं, नाही वाटलं. बाई म्हणाल्या, "हे झाड फुलं संपेपर्यंत मी नेते. मग पुन्हा तुमच्याकडेच. आणि बंगलोरहून माझी आणखी चार येतायत, तीही इथंच ठेवू, या तुमच्या गॅलरीत. आता तुम्ही कुठं जाताय!" आणि मोकळेपणी हसल्या. कुंडी घेऊन मी त्यांच्यामागे जिना उतरलो, रिक्षात नीट ठेवली, रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत हात जोडून उभा राहिलो. आता तुम्ही कुठं जाताय. जिना चढताना प्रत्येक पायरीला ते ऐकू येत होतं.

वर आलो तर माय तिथंच. कुंडीच्या जागी फरशीवर ओला गोल राहिला होता. "गई का बाई?" तिनं विचारलं.

"गेली."

"शेणखत सांगं तू तिले."

मी तिच्याशेजारी खाली बसलो. इस्त्रीची पँट होती, तरी बसलो. खूप वर्षांनी तिच्या बोलीत बोललो, आवाज न दाबता. "मंग काय सांगतू, माय?"

तिनं सूप दोनदा पाखडलं, फोल फुंकून टाकलं. मग म्हणाली, "चांगलं करं. तुना फॉर्मना टाइमले तुना बाप इचारे, पैसा कथाईन उनात. मी बी शेणच सांगेल व्हतं. गवऱ्या इक्यात म्हनं."

खाली रस्त्यावरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मी विचारलं, "आबानी मानं?"

बाजरीतला खडा मायच्या बोटांना सापडला होता, तो तिनं बाजूला ठेवला. "त्याले काय वास येत नही व्हता का?" ती म्हणाली. "पन मानं त्यानी."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आते चार कुंड्या येतीन. पुडी पुरावनार नही. आखो लई ये." मी उठलो आणि खुंटीवरची पिशवी काढली.